जागा झोपल्याशिवाय टाका नाही

आमच्या सानगडीचे डॉक्टर काखेत बाटली घेऊन फिरतात, ही बातमी मला गावात पाऊल टाकताच मिळाली. माझी ट्रंक अजून बैलबंडीतून उतरायची होती. शाळेच्या शिपायानं आधी बातमी उतरवली, मग ट्रंक.

"घर चांगलं आहे बाई. पान्याची हीर जवळ आहे. फक्त बाजूले डॉक्टर राहाते, आन त्याच्या काखेत बाटली राहाते."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. साकोली तालुक्यात तेव्हा मोहाची दारू इतकी राजरोस मिळायची की पिणारा लपत नसे, न पिणाराच थोडा ओशाळलेला असे. अशा मुलखात एका शिकल्यासवरल्या माणसाला बाटली काखेत दडवायची वेळ का यावी, हे मला कळेना. मी शाळेत शिकवायला आलेली, नवरा भंडाऱ्याला कचेरीत, तो शनिवारी येणार आणि सोमवारी जाणार, पदरात पाच वर्षांची मंजू. म्हणजे आठवडाभर माझा शेजार हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन झालं. ओसरीवर एक उंच, हडकुळा माणूस उभा होता. डावा हात अंगाला घट्ट चिकटवलेला, पंख मोडलेल्या कोंबड्यासारखा. उजव्या हातानं तो एका शेतकऱ्याची जीभ बाहेर ओढून बघत होता. त्याच एका हातानं त्यानं चहा प्यायला, त्याच हातानं सायकल काढली आणि त्याच हातानं ती चालवत निघून गेला. तोल मात्र कुठं गेला नाही. म्हटलं, पिऊन एवढं जमत असेल तर कौतुकच आहे.

दोन-चार दिवस कळ काढली आणि मग सरळ विचारलं. डॉक्टरांनी जराही न लाजता हात वर केला आणि काखेतून रबरी बुचाची छोटी बाटली काढून माझ्यापुढं धरली. आत पाण्यासारखं औषध.

"सुन्न कराचं औषध आहे, बाई. टाके घालाच्या आधी टोचतो."

"मग ते कपाटात का नाही?"

"कपाटात थंडं होते. थंडं टोचलं का आग पडते. अंगाच्या गरमीचं टोचलं का कमी पडते. माह्या हातावर दोन्ही टोचून पायलं मी. पोट्ट्यायसाठी आहे हे."

"आणि मोठ्या माणसांसाठी?"

"मोठ्यायले कपाटातलं."

हे डॉक्टर झोडे. आडनाव झोडे, आणि आयुष्यातली एकुलती एक खोड अशी की लहान मुलाला दुखता कामा नये. मोठ्यांना दुखलं तर त्यांना त्यात काही विशेष वाटत नसे. तापानं फणफणलेला गडी कण्हत आला की ते त्याच्याकडं न बघताच म्हणत, "मरत नाई तू. बस तिकडं." पोटदुखीला, पाठदुखीला, विंचवालासुद्धा तेच. निम्म्या गावाला आपण मरत नाही एवढं निदान फुकटात मिळालेलं होतं. पण कुणाचं पोर ठेच लागून रक्ताळलेला अंगठा घेऊन दारात आलं की हाच माणूस खुर्चीवरून उठून उकिडवा बसायचा, पोराच्या डोळ्यांच्या उंचीला यायचा आणि विचारायचा, "काय म्हनते अंगठा?"

त्या काळी आमच्या भागात मुलांना दुखू नये म्हणून दुसरे उपाय नव्हते असं कुणी समजू नये. भरपूर होते. पायांवर बसणारा काका होता, हात धरणारा मामा होता, तोंडात कोंबायची पेपरमिंटची गोळी होती आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे "ते पाय, इमान!" हे वाक्य होतं. सानगडीवरून विमान जात नसे. पण पोर वर बघे, आणि तेवढ्यात सुई आत. गावातल्या मुलांना विमान या वस्तूची जी धास्ती होती ती मला वर्गात वाहनांचा धडा शिकवताना कळली. "सुन्न कराले एक सुई, शिवाले एक सुई. मंग दोन सुया कायले? एकीतच भागवा ना," असा हिशोबी विचार करणारे शहाणे तर पुष्कळच.

डॉक्टर झोड्यांच्या ओसरीवर हा काका-मामांचा ताफा आला की पहिला हुकूम सुटे, "पकडनारे बाहीर." मग आईला आत घ्यायचे. आई सवयीनं पोराचे हात आवळून धरी. त्यावर डॉक्टर खेकसत, "पोलीस आहेस का तू? पकडाचं नाई. मांडीवर घ्याचं." पकडणं आणि घेणं यांत काय फरक, यावर ते गावातल्या बायकांची इतकी वर्षं शिकवणी घेत होते की काही बाया म्हणे घरी नवऱ्यालाही तेच सुनवायला लागल्या होत्या.

मग वजन. औषध किती द्यायचं ते पोराच्या वजनावर ठरतं, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही असावं. पण दवाखान्यात मुलं मोजायचा काटा नव्हता. म्हणून कपाळ फुटलेलं पोर समोरच्या धानाच्या दुकानात जायचं. तिथं मोठ्या तराजूच्या एका पारड्यात पोर आणि दुसऱ्यात लोखंडी वजनं. दुकानदार सवयीनं ओरडे, "ओलं आहे का सुकं?" गंमत म्हणजे रडणारं पोर पारड्यात बसलं की झोके घेण्याच्या नादात रडायचं विसरे. ही डॉक्टरांची युक्ती होती की काट्याची गैरसोय, हे मला कधीच ठरवता आलं नाही. विचारलं असतं तर "मरत नाई तुमी" म्हणाले असते.

आमच्या मंजूची पाळी पहिल्याच दिवाळीच्या आधी आली. शाळेच्या दगडी पायरीवर हनुवटीवर पडली. मी तिला उचलून धावत गेले. ओसरीवर तापाची, खोकल्याची रांग लागलेली. डॉक्टरांनी एकदा हनुवटी पाहिली, काखेतून बाटली काढली, कापसाचा बोळा त्यात भिजवला आणि जखमेवर ठेवून दिला. आणि मग स्टूल ओढून निवांत बसले. जणू एसटीची वाट बघत आहेत.

"डॉक्टर, रक्त येतंय!"

"येऊ द्या. थोडं आहे. पयले वरची जागा झोपू द्या, मंग आत टोचतो. झोपलेल्या जागेतून टोचलं का पोरीले समजत नाई."

"किती वेळ?"

"जागा झोपल्याशिवाय टाका नाई."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मी इकडं घामाघूम, रांगेतले लोक खोकून निषेध नोंदवताहेत, आणि हे गृहस्थ मंजूशी बोलत बसले.

"काय वं, हनुवटी झोपली का तुही?"

मंजू जरा विचार करून म्हणाली, "नाई. कूस बदलून राहिली."

महिनाभरात तिनं इथली बोली उचलली होती. डॉक्टर गंभीरपणे मान हलवून म्हणाले, "मंग थांबू." थोड्या वेळानं पुन्हा विचारणा झाली. हनुवटी झोपली होती म्हणे, पण घोरत नव्हती. पुन्हा थांबले. मी बाहेर चिडलेल्या रांगेकडं बघून ओशाळं हसत होते आणि आत माझ्या पोरीची हनुवटी घोरते की नाही यावर दोघांची चर्चा चालली होती. शेवटी केसासारखी बारीक सुई घेऊन त्यांनी औषध आत सोडलं. इतकं हळू, की सुई हलतेय की नाही कळेना. पुन्हा थांबणं आलंच. मग टाके. मंजू माझ्या मांडीवर बसून, हनुवटी वर करून, छताच्या कौलांमधून दिसणारं आभाळ बघत होती. रडली ती मलमपट्टी झाल्यावर, घरी चल म्हटल्यावर.

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मला ऐकवलं, "बाई, तुमच्या पोरीची हनुवटी झोपली, आन आमी इथं बसून जागलो."

पुढं ही झोप शाळेत आली. गृहपाठ मागितला की पोरं म्हणत, "बाई, माहा हात झोपला आहे." छडी उगारली तर हात मागं घेऊन, "बाई, अजून झोपला नाई!" मी डॉक्टरांकडं तक्रार केली. ते म्हणाले, "बरोबर बोलते पोट्टा. कायदा सगळ्यायले सारखा पायजे." छडी कपाटावर गेली ती गेलीच.

अशा माणसाचं लग्न न होणं ओघानंच आलं. एकदा ठरत आलं होतं, असं त्यांचा कंपाउंडर इस्तारी सांगे. मुलगी बघायला गेले असताना त्याच घरातल्या एका पोराच्या पायात काटा मोडलेला दिसला. नवरदेव उठले, सायकलवरून सानगडीला आले, औषध घेऊन परत गेले, जागा झोपवली, काटा काढला आणि मुलीकडं न बघताच घरी आले. पोरगं बरं झालं. मुलगी दुसरीकडं दिली.

गावातल्या सोनाराशीही त्यांचं असंच वाकडं. सरपंचाच्या नातीचे कान टोचायचे होते. डॉक्टर तिथं बिनबोलावता हजर. हातात बर्फकांडी. साकोलीहून सायकलवर बर्फकांडीवाला यायचा, त्याच्याकडून विकत घेतलेली. तीही लाल रंगाची, कारण त्याच्याकडं दुसरा रंग नव्हता. ती पोरीच्या कानाच्या पाळीला लावून धरली. लाल पाणी मानेवर ओघळलं आणि आजीनं किंकाळी फोडली. सगळ्यांना वाटलं कान तुटला. सोनार तार हातात घेऊन ताटकळला. उरलेली कांडी पोरगी चोखत राहिली आणि कान केव्हा टोचले तिला कळलंच नाही. आजी मात्र पुढं कितीतरी दिवस सांगत होती, "पोरगी रडलीच नाई. असे कान काय कामाचे? बुजतीन."

पण हे सगळं विनोदावारी गेलं. जे गेलं नाही ते शिबिराचं प्रकरण.

पावसाळ्यात आमच्याकडं मुलांच्या डोक्यात, मानेवर फोड यायचे. एका वर्षी फारच आले. तेव्हा नागपूरच्या एका मंडळानं आमच्या शाळेत आरोग्य शिबिर भरवलं. सरपंचांनी मंडप घातला, हार आणले, शेजारच्या गावांतून लोक बोलावले. शहरातले एक डॉक्टर आले. पांढरे बूट, पांढरे दात, बोलणं एकदम गोड. भाषणात मुलं ही देवाघरची फुलं असल्याचं सांगून ते वर्गात गेले आणि फुलांचे फोड कापायला बसले. मंडळाचे दोन स्वयंसेवक पोर उचलायचे, टेबलावर दाबायचे, पात्यानं चीर, दाबून पू बाहेर, पट्टी, पुढचा. काम खरोखर झपाट्यानं चाललं होतं. पहिल्या पोराच्या किंकाळीनं रांग हादरली, दुसऱ्याच्या किंकाळीनं मोडली. मी आणि आमचे हेडमास्तर मंडपात पोरं पकडून पकडून परत रांगेत लावत होतो. देवाघरची फुलं बाकाखाली, झाडावर, मुतारीत लपली होती.

तेवढ्यात झोडे आले. सायकलच्या मागं पोतं, पोत्यात धानाच्या कोंड्यात पुरलेला बर्फ. साकोलीहून सकाळच्या एसटीनं मागवलेला. काखेत बाटली होतीच.

"नमस्कार साहेब," ते पाहुण्यांना म्हणाले, "तुमी कापा. माह्यं काही म्हननं नाई. फक्त तुमच्या आधी पोट्टा माह्याकडं येईन."

"का बरं?"

"जागा झोपवतो."

पाहुणे हसले. पुरेसं मोठ्यानं, म्हणजे सरपंचांना ऐकू जाईल असं. "अहो डॉक्टर, एवढ्याशा चिरेला काय भूल द्यायची! आणि पू झालेल्या जागी ते औषध नीट चढतही नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच."

"मालूम आहे. म्हूनच फोडात नाई टोचत, बाजूबाजूनं टोचतो. आन लहान असन त बर्फावर भागवतो."

"वेळ किती जाईल! शिवाय लहान मुलांना फारसं जाणवत नाही हो. दुसऱ्या दिवशी विसरून जातात."

झोड्यांनी पोतं खाली ठेवलं. "साहेब, मांगच्या सोमवारी रातच्या जेवनात काय खाल्लं तुमी?"

"म्हणजे?"

"सांगा ना."

"आता ते कसं आठवणार?"

"इसरले ना? मंग तवा ते जेवन तुमाले लागलंच नव्हतं का तोंडाले?"

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. मी नव्हते, पण संशय माझ्यावरच आला. पाहुण्यांचा पांढरा चेहरा बुटांपेक्षा पांढरा झाला. सरपंच पुढं आले, "डॉक्टर, पावन्यायचा अपमान होऊन राहिला." झोडे म्हणाले, "पावन्यायले जेवाले न्या. इथं मी आहो."

आणि खरंच पाहुणे जेवायला गेले ते आलेच नाहीत. झोडे दिवसभर त्या वर्गात बसले. एकेका पोराला बर्फाचा खडा धरायला द्यायचा, मग मानेवर लावायचा, मग बारीक सुई, मग गप्पा. गंमत अशी की रांग आपोआप लागली. झाडावरची फुलं खाली आली, मुतारीतली बाहेर आली. निम्मी बर्फासाठी आली असतील, माझं काही म्हणणं नाही. संध्याकाळी वर्गातून बाहेर पडले तेव्हा डॉक्टरांची पाठ वाकडी झाली होती आणि मंडपाचे वासे उतरवून झाले होते. हार कुणीतरी घरी नेला होता.

याचं बक्षीस म्हणून गावानं त्यांना शिक्षा केली. सरपंचांचं घराणं औषधाला साकोलीला जाऊ लागलं. त्यांच्या मागून त्यांच्या मर्जीतली घरं गेली. मोठ्या माणसांची रांग विरळ झाली. "त्या डॉक्टरले बोलाचं भान नाई," हे कारण. झोड्यांना फरक पडलेला दिसला नाही. उलट म्हणाले, "बरं झालं. मोठे लोक उगाच जागा अडवते."

पण मला फरक दिसत होता. शेजार होता ना आमचा. पोर पडलं-झडलं तर ओसरीवर गडबड, नाहीतर दिवसचे दिवस शुकशुकाट. टाके निघाले की पोरं परत फिरकत नसत, फिरकायचं कारणही नव्हतं. इस्तारी दुपारी घरी जाई. डॉक्टर एकटेच स्वयंपाक करत, एकटेच जेवत, आणि जेवून झाल्यावर ताट घासत बराच वेळ बसत.

त्यांचं मूळ गाव दिघोरी, लाखांदूरकडचं. काही फार लांब नव्हे. तिथं म्हातारे वडील आणि थोरला भाऊ शेती करत. पण इतक्या वर्षांत मी डॉक्टरांना कधी दिघोरीला जाताना पाहिलं नव्हतं. पोळ्याला, दिवाळीला वडिलांसाठी कपडे घेत आणि इस्तारीच्या हातून पाठवत. एकदा मी म्हटलं, "स्वतः जा की." तर म्हणाले, "रोगी आहेत ना इथं." ओसरीवर तेव्हा एक कुत्रं झोपलं होतं.

आणि मग आषाढात एका रविवारी दुपारी दिघोरीच शेजारच्या दारात आली. भाऊ वडिलांना बंडीत घालून घेऊन आला होता. म्हातारा ताठ, काळाभोर, खांद्यावर दुपट्टा, आणि मानेमागं लिंबाएवढा फोड. मान हलवता येत नव्हती. आमची भिंत एकच, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. इस्तारी आलेला नव्हता. थोड्या वेळानं डॉक्टर माझ्या दारात उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, जरा येता का? काही कराचं नाई. फक्त बसाचं."

आत गेले तर थोरला भाऊ बाह्या सारून तयार. "नामा, मी पाय पकडतो. बाई हात पकडतीन. तू काप लवकर."

डॉक्टर म्हणाले, "दादा, तू साकोलीले जा. गोळ्या पायजे. एसटी येऊनच राहिली." भाऊ गेला. गोळ्या कपाटात होत्या, मला दिसत होत्या.

म्हाताऱ्याला टेबलावर पालथं झोपवलं. तोंड माझ्या बाजूला. डॉक्टरांनी हात धुतले, परत धुतले. फोडाच्या कडेकडेनं त्यांनी सुई घातली, आपल्या त्या गोगलगायीच्या चालीनं, आणि स्टुलावर बसले. बाहेर पाऊस नव्हता, नुसतं दाटून आलं होतं.

म्हातारा समोरच्या भिंतीकडं बघत बोलायला लागला.

"नामा, तुह्या मांडीले गळू झालं होतं. आठवते का?"

"आठवते."

"वैदू आला होता वस्तरा घेऊन. पाय तुह्या काकानं पकडले. म्या छातीवर बसलो."

"हो."

"वैदू म्हने, हलला त नस कटन. म्हून बसलो म्या."

"मले मालूम आहे बाबा."

"तू रडला नाई. भोकाड पसरलं असतं त बरं वाटलं असतं. नुसता माह्याकडं पाहून राहिला होता. तवापासून तू माह्या जवळ नाई आला. शाळेत गेला, नागपूरले गेला, डॉक्टर झाला. जवळ नाई आला."

डॉक्टर उठले, सुईचं टोक फोडाशेजारी टेकवलं. "लागते का?"

"काय?"

"टोचून राहिलो ना."

"कुठी?"

मग त्यांनी चीर दिली, सगळं साफ केलं, आत कापडाची पट्टी भरली. म्हातारा मधूनच विचारत होता, "कवा सुरू करतं रे?" आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, "झालं बाबा."

म्हातारा उठून बसला. हात मानेकडं नेला, डॉक्टरांनी तो हळूच खाली घेतला. बराच वेळ तो स्वतःच्या तळव्यांकडं बघत राहिला.

"नामा, हे औषध तवा कुठी होतं?"

डॉक्टर पट्टीची गाठ मारत होते. "नोयतं बाबा. तवा निघालंच नोयतं."

"नोयतं ना?"

"नाई."

"मंग ठीक आहे," म्हातारा म्हणाला. आणि त्याचे खांदे खाली आले. मोठं ओझं बंडीतून उतरवल्यावर माणूस सोडतो तसा श्वास त्यानं सोडला.

डॉक्टर मागच्या अंगणात हात धुवायला गेले. मी तांब्यानं पाणी घालत होते. न राहवून विचारलं, "खरंच नव्हतं?"

"होतं बाई. असलं औषध माहा बाप पोट्टा होता तवाच निघालं होतं. नागपूरले होतं, मुंबईले होतं. दिघोरीले नोयतं." साबणाचा फेस हातावर तसाच ठेवून ते उभे राहिले. "त्यायले सांगू नोका."

पट्टी रोज बदलायची म्हणून म्हातारा राहिला. थोरला भाऊ परत गेला. घरात दोन ताटं दिसायला लागली. फोड भरत आला, पाऊसही लागला, आणि म्हाताऱ्याचा जीव रोवण्यात अडकला. धानाची लावणी सुरू झाली की दिघोरीचा माणूस दुसऱ्याच्या ओसरीवर थांबत नाही.

"नामा, मी जातो आता. रोवणा सुरू झाला."

डॉक्टरांनी पट्टी सोडून मान निरखली. "अजून ओल आहे. थांबा."

मी मंजूला घेऊन तिथंच उभी होते. जखम मलाही दिसली. कोरडी ठणठणीत होती, नवी कातडी आली होती. माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं, चांगलं धारदार. ते मी गिळलं.

म्हाताऱ्यानं मानेवरून बोट फिरवलं. त्यालाही कळलं असावं. शेतात जन्म गेलेल्या माणसाला ओलं कोणतं, कोरडं कोणतं ते बोटाला कळतं.

"ओल आहे म्हनतं, त आहे," तो म्हणाला आणि पुन्हा टेकून बसला.

त्या संध्याकाळी पावसानं उघडीप दिली होती. मी अंगणात कपडे काढत होते. म्हातारा ओसरीच्या वरच्या पायरीवर बसला होता आणि डॉक्टर खालच्या पायरीवर, त्याच्या गुडघ्यांना पाठ लावून, वर्तमानपत्र वाचत. म्हाताऱ्याचा हात वर आला, हवेत जरा थांबला, आणि मग पोराच्या पिकायला लागलेल्या डोक्यावर टेकला.

कपडे काढून झाले, घड्या घालून झाल्या. डॉक्टरांनी पान काही उलटलं नाही.